फिशटँकवाला तो फॉरवर्ड, आणि कृपया स्पंज नळाखाली धुऊ नका

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या ग्रुपवर आणि काल चक्क मामीकडून, एकच फॉरवर्ड तीनदा आला म्हणून लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: दर पंधरा दिवसांनी टँक पूर्ण रिकामा करा, खडे आणि फिल्टर नळाखाली खळाखळा धुवा, नवीन पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की क्लोरीन उडून जातं, जमलं तर आरओचंच पाणी भरा, गढूळ असेल तर तुरटी फिरवा, आणि दर वेळी मूठभर खडेमीठ नि थोडं निळं औषध टाका, मासे वर्षानुवर्षं जगतील. खाली हात जोडल्याचे इमोजी. यातल्या एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, बाकीच्यांनी मासे मरतात.

पहिलं ते पूर्ण रिकामा करण्याचं, कारण सगळी गडबड तिथेच आहे. मासे कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतात, त्यात उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून भर पडते. हा अमोनिया विषारी. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच) आणि दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सहन करतात. आता हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते राहतात फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर जो बुळबुळीत थर येतो ना, त्यात. म्हणजे फॉरवर्ड ज्याला घाण म्हणतोय तीच तुमची सांडपाण्याची यंत्रणा आहे, आणि ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दर पंधरा दिवसांनी धुतलीत तर ती कधी बसणारच नाही, साधा हिशोब आहे.

मी स्वतः हा शहाणपणा केलाय. दिवाळीची साफसफाई चालू होती, म्हटलं टँक पण होऊन जाऊ दे, दोन फुटी टँक, खडे बादलीत घालून तांदळासारखे धुतले, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. पाणी इतकं नितळ की पाहुणे कौतुक करून गेले. तिसऱ्या दिवशी पाण्यावर दुधासारखी झाक, मॉल्या (मॉली जातीचे मासे) सगळ्या वर येऊन तोंडं उघडतायत, आणि भाऊबीजेपर्यंत निम्म्या गेल्या. स्पंज धुवायचा नाही असं नाही, फिल्टरचं पाणी बारीक पडायला लागलं की धुवायचाच, पण टँकमधून काढलेल्या पाण्यातच, दोनदा पिळून. काळपट राहिला तर राहू दे.

मग बदलायचं किती? आठवड्याला चौथा हिस्सा, साधारणपणे. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर मावतं, खडे नि वरची मोकळी जागा सोडली तर ५० धरा, म्हणजे बारा-तेरा लिटर, एक बादलीसुद्धा पूर्ण नाही. नळीने खालून खड्यांमधला गाळ ओढत काढायचं, मासे टँकमध्येच राहू द्यायचे. आणि बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी वरून भरणं म्हणजे बदलणं नव्हे, वाफ जाते, नायट्रेट आणि क्षार तिथेच राहतात.

क्लोरीनचं अर्धं खरं आहे. साधं क्लोरीन उडतं, पण शांत उभ्या बादलीतून हळूहळू, आणि पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ येतं तेव्हा पालिका डोसही वाढवते, नुसत्या वासानेच कळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक असावं असं आहे, माशांच्या कल्ल्यांना त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही त्रास होतो. बादलीत एअरपंपाचा दगड सोडून रात्रभर चालू ठेवलात तर ठीक, नाहीतर दुकानात अँटीक्लोरीन मिळतं ते टाका, त्यात बहुतेक सोडियम थायोसल्फेटच असतं, मिनिटभरात काम होतं. मामीने हाच फॉरवर्ड तिच्या मुलालाही पाठवलाय आणि तो राहतो सॅन फ्रान्सिस्कोत, तिथे २००४ पासून पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं जंतुनाशक) असतं, ते रात्रभर ठेवून जात नाही, आणि थायोसल्फेटने तोडलं तर मागे अमोनिया उरतो, त्यामुळे त्याला अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर लागणार. आणि हो, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी थेट ओतू नका, हात घालून बघा, चहा होईल त्यात.

आरओचं पाणी माणसांसाठी. त्यातले क्षार काढलेले असतात, त्यामुळे पीएच (पाणी किती आम्लधर्मी त्याचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो धाडकन खाली येऊ शकतो. गप्पी, मॉली यांना तर क्षारांचंच पाणी मानवतं. तुरटीचंही तेच, ती पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच धरून ठेवणारी ताकद, खाते, पीएच पाडते. गढूळ पाणी बादलीत निवळू द्या, वरचं वरचं घ्या, संपलं.

मिठाला मी पूर्ण वाईट म्हणणार नाही, नायट्राइट वाढलेलं असताना मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, तेवढ्यापुरतं ते औषध आहे. पण मीठ उडून जात नाही. चौथा हिस्सा पाणी बदलून दर वेळी एक मूठ टाकत राहिलात तर हळूहळू टँकमध्ये चार मुठी साठतात, आणि कोरी, लोच असल्या माशांना, शिवाय झाडांना ते सोसत नाही. निळं औषध म्हणजे मेथिलिन ब्लू, ते त्या कामाच्या बॅक्टेरियांनाही मारतं, वर सिलिकॉनचे जोड कायमचे निळे. आजारी मासा वेगळ्या बादलीत काढा, तिथे वापरा.

फॉरवर्डखाली एका काकांचं उत्तर होतं, ‘काही बदलू नका, विहिरीत गप्पी सोडतात त्यांचं पाणी कोण बदलतं?’ काका, विहिरीत हजारो लिटर पाणी, झरे, पाऊस आणि मूठभर गप्पी, तुमच्या ५० लिटरमध्ये तीन गोल्डफिश. वर्षभर न बदललेल्या पाण्यात क्षारता संपून पीएच उतरतो, कमी पीएचला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात पडून राहतो, म्हणून मासे धडधाकट दिसतात. मग एक दिवस कोणीतरी फॉरवर्ड वाचून एकदम बरंच ताजं पाणी ओततं, पीएच एकने चढला की विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो, मासे संध्याकाळपर्यंत उलटे, आणि काका म्हणतात बघा, पाणी बदललं म्हणून मेले. असा टँक असेल तर रोज दहावा हिस्सा, दोन आठवडे, हळूहळू.

आणि ज्यांनी गेल्या रविवारी सगळं धुऊन टाकलंच आहे त्यांनी: दोन दिवस खाणं बंद, एअरपंप दिवसरात्र चालू, रोज चौथा हिस्सा पाणी अँटीक्लोरीन टाकून बदला, नवीन मासे अजिबात आणू नका. ओळखीत कोणाचा जुना चालता टँक असेल तर मासे आजारी नाहीत ना ते बघून त्याच्या स्पंजचा एक तुकडा मागा, त्याच्याच पाण्यात भिजवून पिशवीतून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा. धुऊ नका फक्त.