छोट्या कारखान्याला लवचिक मांडणी परवडत नाही, हे खरे नाही

कोकणातल्या फळप्रक्रिया उद्योजकांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतो आहे: लहान माणसाने एकच माल धरावा, यंत्रे सरळ ओळीत पक्की बसवावीत आणि गरजेप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीचा नाद सोडावा, कारण त्यासाठी रोबो, ऐसपैस जागा आणि मोठे भांडवल लागते.

आधी ‘एकच माल’ घेऊ. हापूसचा मुख्य हंगाम मार्च ते मे एवढाच असतो. केवळ आमरसासाठी मांडलेली यंत्रे पाऊस सुरू झाला की थंडावतात, कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने भरावे लागतात. जांभूळ, फणस, कोकम आणि पुढे थंडीतला आवळा त्याच छपराखाली घेता आले, तरच कामगारांना काम आणि यंत्रांना मोल राहते.

रोबोचा मुद्दा तर मुळातच चुकीचा आहे. एका मालावरून दुसऱ्यावर जायला लागणारा वेळ कमी झाला, की लवचिकपणा येतो. टोयोटामध्ये 1969 साली पत्र्याला आकार देणाऱ्या 1000 टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली तो वेळ आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आला. यंत्र चालू असतानाच उरकता येणारी कामे वेगळी काढणे, हे त्यामागचे मुख्य सूत्र होते. आपल्या पल्परलाही, म्हणजे फळाचा गर काढणाऱ्या यंत्रालाही, ते लागू पडते. आंबा संपवून जांभूळ घ्यायचे असेल, तर दुसरी चाळणी, धुतलेले ब्रश, रबरी रिंग आणि नेमके पाने (स्पॅनर) शेजारच्या ट्रॉलीवर आधीच लावून ठेवावेत; मग पल्पर थांबतो तो फक्त धुण्यापुरता आणि जोडणीपुरता. पाना शोधण्यात गेलेला अर्धा तास हंगामात फार महाग पडतो.

जागेबाबत उलटेच घडते. यंत्रे इंग्रजी ‘यू’च्या आकारात मांडली की चालणे वाचते. समजा, दिवसाला 200 क्रेट हलतात आणि प्रत्येकाचा प्रवास 10 मीटरने घटला, तर जाऊन-येऊन 4 किलोमीटरची पायपीट वाचते. मात्र अशा मांडणीत दोन्ही टोके जवळ येतात, म्हणून न धुतलेले फळ आणि भरलेला माल यांच्यामध्ये भिंत हवीच. तिथे तडजोड नको.

पक्क्या बसवणीचा आग्रह अर्धा बरोबर आहे. बॉयलर, रिटॉर्ट (बंद डबे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणारे भांडे) आणि सांडपाण्याची गटारे हलवता येत नाहीत. म्हणूनच वाफेच्या पाइपला दोन-तीन ठिकाणी व्हॉल्व्हसह जादा जोड आताच ठेवावेत, विजेची जोडणी छतावरून खाली आणावी, आणि टेबले, ट्रॉल्या व लहान भरणी यंत्रे लॉक होणाऱ्या चाकांवर घ्यावीत. मिठातल्या कोकम आगळासाठी (कोकमाच्या खारवलेल्या रसासाठी) मात्र आंब्याची भांडी वापरू नयेत, कारण आम्ल आणि मीठ मिळून 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतात. आगळाची पिंपे खाद्ययोग्य प्लास्टिकची, वेगळीच ठेवावीत.