टोपी सारखी म्हणून ट्रान्झिस्टर सारखा नसतो

गणपती जवळ आले की सांगलीतल्या अॅम्प्लिफायर दुरुस्तीवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. "जुन्या टीव्ही-इन्व्हर्टरमधले मेटलचे ट्रान्झिस्टर फेकू नका. सगळे २एन३०५५ च्या जागी चालतात. मीटरवर शॉर्ट दिसला नाही की माल ओके. एकाचे ११५ वॅट, जोडीचे २३०. आणि जुना माल नव्यापेक्षा भारीच."

(२एन३०५५ म्हणजे अॅम्प्लिफायरच्या आउटपुटला, स्पीकर चालवायला लावतात तो मोठा ट्रान्झिस्टर.) फेकू नका, हे मान्य. पुढचं एकेक बघू.

"सगळे चालतात." अहो, ट्रान्झिस्टरची ती मेटलची टोपी म्हणजे नुसतं पॅकिंग, नाव टीओ-३. त्याच टीओ-३ डब्यात २एन३०५५ येतो: सिलिकॉनचा, एनपीएन (पीएनपी म्हणजे याच्या उलट दिशेने करंट नेणारा), ६० व्होल्ट, १५ अँपिअर. त्याचा पीएनपी जोडीदार एमजे२९५५ त्यातच, जर्मेनियमचा एडी१४९ त्यातच. एलएम३१७के तर ट्रान्झिस्टरच नाही, रेग्युलेटर आहे, पण टोपी तीच. सगळ्यात जास्त फसवतो तो जुन्या टीव्हीच्या लाइन आउटपुटचा, म्हणजे पडद्यावर आडव्या रेषा आखणाऱ्या भागाचा, बीयू२०८. पंधराशे व्होल्टचा म्हणून माणूस हरखतो, पण साडेचार अँपिअरला त्याचा किमान गेन (बेसला दिलेल्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो ते) सव्वादोन! २एन३०५५ ला चार अँपिअरला किमान २० मिळतो. त्याच्या बेसला करंट पुरवणारा आधीचा छोटा ट्रान्झिस्टर, म्हणजे ड्रायव्हर, बिचारा एवढा बेस करंट आणणार कुठून? म्हणून आधी नंबर वाचा. युरोपियन नंबर 'ए'ने सुरू झाला तर जर्मेनियम, 'बी'ने तर सिलिकॉन. जपानी मालावर पुढचं '२एस' बहुधा छापतच नाहीत. त्यानंतरचं अक्षर जपानीत ए किंवा बी म्हणजे पीएनपी, सी किंवा डी म्हणजे एनपीएन. नंबर पुसला असेल तर तो कुठल्या सर्किटमधून काढला ते तरी लिहून ठेवा.

"मीटरवर शॉर्ट नाही, म्हणजे ओके." डायोड रेंजवर सिलिकॉनला ०.५ ते ०.७ आणि जर्मेनियमला ०.२-०.३ व्होल्ट दिसतं, एवढं कळतं. बेस-एमिटर आकडा बेस-कलेक्टरपेक्षा किंचित जास्त येतो, त्यावरून पायही ओळखता येतात. पण मीटर एखादा मिलिअँपिअर सोडतो आणि अॅम्प्लिफायर कित्येक अँपिअर मागतो. माझी चाचणी अशी: १२ व्होल्ट सप्लाय, कलेक्टरला गाडीचा २१ वॅटचा बल्ब, एमिटर ग्राउंडला. बेस मोकळा असताना बल्बची तार जराही लाल दिसली तर लीकेज आहे, तो बाजूला. मग १०० ओहम, २ वॅटच्या रेझिस्टरमधून बेसला १२ व्होल्ट. बल्ब लख्ख लागला तर पुढे बोलू. बीयू२०८ सारखे बहुतेक इथेच उघडे पडतात. (ही जोडणी एनपीएनची; पीएनपीला सप्लायची टोकं उलटी.)

"जोडीचे २३० वॅट." ११५ वॅट ही डब्याचं तापमान २५ अंश असतानाची उष्णता सोसायची मर्यादा आहे, स्पीकरला मिळणारी ताकद नव्हे. डबा १०० अंशाला गेला की तीच मर्यादा साधारण ६६ वॅटवर येते. शिवाय ±३५ व्होल्टचा सप्लाय असेल तर एक ट्रान्झिस्टर पूर्ण उघडल्यावर बंद असलेल्या दुसऱ्यावर जवळजवळ ७० व्होल्ट येतात, आणि हा ६० चा. ±३० वर, ८ ओहमच्या स्पीकरला, पंचेचाळीसेक वॅट मिळाले तरी समाधान माना. मंडळाचे पोरगे हे ऐकत नाहीत. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की अख्खा डीसी स्पीकरच्या कॉइलवर जातो, मग वास आल्यावर ऐकतात.

"जुना भारी." अर्धं खरं. बाजारात नव्या टोपीखाली बारकी चिप घातलेला नकली माल इतका आहे की जुन्या कंपनी सेटमधून स्वतः काढलेला २एन३०५५ मीही जपून ठेवतो. पण तो कसा जगलाय ते बघा. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर असले एक पोतंभर ट्रान्झिस्टर माझ्याकडे आले होते. आतल्या चिपा कदाचित शाबूत असतील, पण गंज खरवडायला घेतला तर निम्म्यांचे पाय ब्लेडबरोबरच निघून आले.