दिग्याची शिस्त आणि रूबेनचं म्हणणं

मँचेस्टरला सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, झालेल्या हल्ल्याची बातमी सगळ्यांनीच वाचली होती. ऐन योम किप्पूरला, ज्यूंच्या सगळ्यात पवित्र दिवशी, लोक प्रार्थनेला जमलेले असताना. ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर आमचा ज्यू मित्र रूबेन अजून यायचा होता. विषय निघाला आणि दिग्यानं लगेच त्याची वाट लावली.

"मी सांगतो," दिग्या म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य असंच सुरू होतं आणि भेळेचा कागद चाटून संपतं. "आपल्याकडे हे होणारच नाही. ज्यू दोन हजार वर्षं राहतायत म्हणे कोकणात. कुणी बोट तरी लावलंय का?"

"नाही लावलं," मुग्धा म्हणाली. "आणि शाळेच्या ग्रुपवर 'या देशाला एक हिटलर पाहिजे' कुणी टाकलं?"

"ते शिस्तीबद्दल होतं."

"शिस्त! गणपतीपासून सोसायटीचा मेंटेनन्स थकलाय तुझा."

मुग्धा इतिहास शिकवते आणि वर्गातला आवाज घरी ठेवून येत नाही. "१९३७ साली हॅलिफॅक्स हिटलरला भेटायला गेला होता. हॅलिफॅक्स म्हणजे आपला जुना व्हाइसरॉय आयर्विन. हिटलरनं त्याला भारतासाठी उपाय सांगितला, गांधींना गोळी घाला. तेवढ्यानं नाही भागलं तर काँग्रेसचे डझनभर पुढारी मारा. आत्मचरित्रातही लिहून ठेवलंय, भारत दुसऱ्या कुणाकडे जाण्यापेक्षा इंग्रजांकडेच राहिलेला बरा. फुटपाथवरून घेतलंस ना ते पुस्तक? वाचलंस कुठवर?"

"प्रस्तावना झाली."

"आकाशवाणीची ती सकाळची धून, जिच्यावर तुझी आई तुला उठवायची, ती वॉल्टर कॉफमननं केली. ज्यू होता. १९३४ मध्ये युरोप सोडून मुंबईत आला. तुझ्या शिस्तवाल्यानं त्याचं काय केलं असतं, ते सांग."

दिग्यानं भेळेत लक्ष घातलं.

तेवढ्यात रूबेन आला. शिरीषनं सरकून जागा दिली आणि म्हणाला, "आपण तुझ्या बाजूचे हां. माझ्या स्टेटसला इस्रायलचा झेंडा असतो. 'त्यांना' तसाच धडा पाहिजे."

रूबेननं आधी चहा सांगितला. "भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे ना, त्याच्या आवारातल्या जेकब ससून शाळेत बहुतेक मुलं मुसलमानांची आहेत. आमच्या लोकांनी काढलेली शाळा. तुला कुणाशी भांडायचंय तर खुशाल भांड, माझ्या खांद्यावर बंदूक नको ठेवूस."

"मग गाझाचं काय?" निल्या उसळला. निल्याचा संताप खरा असतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण विचारलं कुणाला? रूबेनला!

"हे मला का नाही विचारलंस?" मुग्धा म्हणाली. "शिरीषला का नाही? झेंडा तर त्याचा आहे. नेतान्याहूवर तुला लेख लिहायचाय तर लिही, मी तपासून देते. रूबेन अलिबागचा. त्याला मांडव्याच्या लाँचचं भाडं विचार."

"तेही वाढलंय," रूबेन म्हणाला. निल्या हसला, पण त्याला ते कळलं असं मला वाटलं.

"बरं, मग आम्ही करायचं काय? मोर्चा काढू?" शिरीष.

"मोर्चा नको रे. ग्रुपवर कुणीतरी टाकतं, ज्यूच जग चालवतात, बँका त्यांच्या, पेपर त्यांचे. मी बँकेत होतो, एकोणतीस वर्षं काउंटरवर. उत्तर द्यायला जातो तर म्हणतात, बघा, याला लागलं. गप्प बसलो तर म्हणतात, बघा, बोलत नाही म्हणजे खरंच असणार. दर वेळी मीच का? तुमच्यापैकी कुणी एकानं लिहा की, हे खोटं आहे. एकच ओळ."

कुणीच काही बोललं नाही. ती पोस्ट आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. मला वाटतं, ज्यूद्वेषाशी लढायचं म्हणजे आपल्याकडे बरंचसं हेच आहे. ज्याच्याबद्दल ते लिहिलंय, त्याच्या आधी दुसऱ्या कुणीतरी बोललं पाहिजे.

"आणि सिव्हिल हॉस्पिटलजवळ आमच्या शार हशामाईम सिनेगॉगला आलात," रूबेन पुढे म्हणाला, "तर दारात पिशवी तपासतात म्हणून तोंड वाकडं करू नका. २६/११ ला नरिमन हाऊसमधल्या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून ते आहे. आम्हालाही हौस नाही."

"सरकारनं २०१६ ला अल्पसंख्याक दर्जा दिला की तुम्हाला," शिरीष म्हणाला.

"दिला, चांगलं केलं. पण मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात, ते जीआर काढून येत नाहीत. अलिबाग, रेवदंडा, पेण, सगळीकडे सिनेगॉग उभी आहेत. माणसं गेली इस्रायलला, लोदला, अश्दोदला. दहावा मिळावा म्हणून फोनाफोनी. मागं राहिली कबरस्तानं, त्यात गवत वाढतं. पावसाळा संपला की कोयता घेऊन चला माझ्याबरोबर. नवगावपासून सुरू करू."

"मी येतो," निल्या लगेच म्हणाला. "माझी गाडी घेऊ."

"तुझी गाडी वडखळच्या पुढे गेलीय का कधी?" मुग्धा.

"मी सांगतो," दिग्या कागद चाटून म्हणाला, "मीही येतो. मलिदा असेल ना?"

"मलिदा म्हणजे आमचा गोड पोह्यांचा प्रसाद, तो आनंदाचा असतो, दिग्या. कबरस्तानात नाही."

"आपली सोय म्हणून विचारलं."

मुग्धानं त्याच्यापुढे मोबाईल धरला. "आधी ते हिटलरचं काढ. आणि त्याच ग्रुपवर खरं काय ते लिही."

दिग्या ॲडमिन आहे, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ टाइप करत बसला. 'ते वाक्य चुकीचे होते. हिटलरने गांधीजींना गोळी घालायला सांगितले होते. ज्यूंबद्दल खोटे पसरवू नये. हे मी जबाबदारीने लिहितो.' रूबेननं वाचून मान डोलावली. दिग्यानं अंगठा दाबला.

गेलं सोसायटीच्या ग्रुपवर.

मिनिटभरात सेक्रेटरीचं उत्तर: 'जबाबदारीबद्दल आभार. मेंटेनन्स कधी भरताय?'

रूबेनला हसता हसता चहाचा ठसका लागला.