ई-रीडरची किंमत जीबीने भागू नये

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र, घेऊ पाहणाऱ्यांमध्ये एक हिशेब फार फिरतो. किंमतीला साठवणक्षमतेने भागावे आणि ज्या ब्रँडचा एक जीबी सर्वांत स्वस्त पडेल तो घ्यावा. मेमरी कार्डाची सोय नसलेली यंत्रे बाद करावीत. पडदे बहुतेकांचे एकाच कंपनीचे असल्यामुळे बाकीचे फरक पाहूच नयेत, असे त्यात सांगितलेले असते. हा हिशेब वाचकाला नको त्या गोष्टीवर खर्च करायला लावतो, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासायला हवे.

प्रथम साठवणीचा मुद्दा. केवळ मजकूर असलेले पुस्तक एक-दोन एमबीच्या पुढे क्वचितच जाते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकीय लिपिसंकेतात ३ बाइट घेते, त्यामुळे ५ लाख चिन्हांची मराठी कादंबरी दीड एमबीची भरते. परंतु ईपब ही ई-पुस्तकांची प्रचलित फाइल झिप पद्धतीने आवळलेली असल्याने तिचा प्रत्यक्ष आकार त्याहून बराच कमी असतो. १६ जीबीच्या यंत्रात प्रणालीची जागा वगळून १२ जीबी उरली आणि प्रत्येक पुस्तक सढळपणे २ एमबीचे धरले, तरी सुमारे ६,००० पुस्तके मावतात. आठवड्याला एक वाचले, तर ती संपायला ११५ वर्षे लागतील. स्कॅन केलेल्या पीडीएफ, चित्रकथा आणि श्राव्य पुस्तके यांची गोष्ट मात्र वेगळी आहे: ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) दर्जाचे दहा तासांचे एकच श्राव्य पुस्तक जवळजवळ २९० एमबी घेते. असा संग्रह बाळगणाऱ्याने ३२ जीबी जरूर घ्यावे.

शिवाय हा भागाकारच फसवा आहे. ॲमेझॉनच्या २०२४ च्या किंडल पेपरव्हाइट या ई-रीडरमध्ये १६ जीबी आहेत आणि त्याच्या सिग्नेचर आवृत्तीत ३२. पण वाढीव किंमतीत वायरलेस चार्जिंग आणि आपोआप कमी-जास्त होणारा प्रकाशही येतो. कोबो या ब्रँडच्या क्लारा कलर या यंत्राहून त्याचेच लिब्रा कलर महाग आहे, ते दुप्पट साठवणीबरोबर मोठा पडदा, पान उलटण्याची बटणे आणि लेखणीची सोय असल्यामुळे. ही सारी किंमत जीबीच्या खात्यावर टाकणे चूक आहे.

मेमरी कार्डाविषयी इतिहासच पुरेसा बोलका आहे. २००७ च्या पहिल्या किंडलमध्ये अवघे २५० एमबी होते, म्हणून कार्डाची खाच होती. २००९ च्या दुसऱ्या किंडलमध्ये २ जीबी आले आणि खाच गेली.

पडद्याबाबतचे विधान निम्मे खरे आहे. किंडल आणि कोबो दोन्ही ई इंक कंपनीचेच पडदे वापरतात आणि त्यांच्या सध्याच्या बहुतेक वाचनयंत्रांवर कृष्णधवल मजकूर ३०० पीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) दिसतो. पण म्हणून यंत्रे सारखी ठरत नाहीत, आणि माझ्या मते निवड खरोखर व्हावी ती यंत्र कोणत्या फाइल उघडते यावरून. कोबो आणि पॉकेटबुक या ब्रँडची यंत्रे ईपब फाइल थेट उघडतात. किंडलवर ती ॲमेझॉनच्या सेवेतून रूपांतरित करून पाठवावी लागते, आणि तीही सोय २०२२ मध्ये आली. कोबोच्या दुकानातील अनेक पुस्तकांनाही नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप असते, मात्र ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या पद्धतीचे ते कुलूप पॉकेटबुकसारख्या दुसऱ्या ब्रँडच्या यंत्रावरही उघडता येते. याउलट, विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. पुढे ब्रँड बदलायचा झाल्यास जमवलेला संग्रह बरोबर नेता येईल का, हा प्रश्न त्या भागाकारात कुठेच येत नाही.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. काही बाजारांत किंडलची कमी किंमत लॉक पडद्यावरील जाहिरातींच्या बदल्यात असते आणि त्या काढायला वेगळे पैसे पडतात. दुरुस्तीचा खर्चही धरायला हवा: कोबोने २०२४ मध्ये दुरुस्तीची माहिती व सुटे भाग पुरवणाऱ्या आयफिक्सिट कंपनीबरोबर क्लारा आणि लिब्रा कलरचे सुटे भाग व दुरुस्तीच्या सूचना उपलब्ध करून देण्याचे ठरवले. बॅटरी थकल्यावर ती बदलता आली, तर तीच किंमत अधिक वर्षांवर विभागली जाते.