रांग कुठे लागते तेवढं सांगा

निर्वासितांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मदतीला ना नाही, पण यायचं तर रीतसर यावं. हे असं चोरून, बोटीत बसून कशाला?" वाक्य इतकं समंजस वाटतं की त्यावर हरकत घेणारा आपोआप भाबडा ठरतो. म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट असतं असंही नाही. कुठेतरी एक खिडकी असेल, तिथे अर्ज मिळत असेल, आणि ही माणसं उतावीळपणाने किंवा लबाडीने ती खिडकी टाळून येत असतील, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं.

तर ती खिडकी जवळपास अस्तित्वातच नाही. आणि ती आपोआप नाहीशी झालेली नाही, हा माझा मुद्दा आहे.

ब्रिटनचं बघा. तिथे आश्रय मागायचा तर ब्रिटनच्या भूमीवर उभं राहूनच मागावा लागतो. बाहेरच्या दूतावासात जाऊन अर्ज देता येत नाही. आणि "मला आश्रय मागायला यायचंय" अशा कारणासाठी दिला जाणारा व्हिसा नावाचा प्रकारच नाही. दार आतून उघडतं आणि आत जायची सोय नाही. २०२२ मध्ये ४५ हजारांहून जास्त माणसं छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून तिथे उतरली. अफगाण, इराणी, इराकी, सीरियन असे बरेच जण त्यात होते. काही देशांतल्या काही ठरावीक लोकांसाठी खास योजना होत्या, आहेत. पण बाकीच्यांनी रांगेत यायचं म्हणजे कुठे जायचं, हे कुणी सांगत नाही.

मग साधा पर्यटक व्हिसा काढून यावं, असं कुणी म्हणेल. पर्यटक व्हिसासाठी तुम्ही परत जाणार याची खात्री पटवावी लागते. नोकरीचं पत्र, बँकेतली शिल्लक, घराचे कागद. ज्याचं घर बॉम्बने पडलं, ऑफिस बंद पडलं, बँक लुटली गेली, त्याने हे आणायचं कुठून? खरं कारण सांगितलं तर व्हिसा नाकारला जातो. खोटं सांगून मिळवला, तर पुढे आश्रयाच्या मुलाखतीत तेच खोटं त्याच्याविरुद्ध पुढे येऊ शकतं.

शिवाय अर्ज द्यायचा कुठे? दमास्कसमधले बहुतेक पाश्चात्त्य दूतावास २०१२ पर्यंत बंद झाले होते. आणि खार्तूमची गोष्ट तर मला विसरता येत नाही. १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये लढाई पेटली. काही दिवसांत पाश्चात्त्य देशांनी आपापली माणसं बाहेर काढली. व्हिसासाठी अर्ज केलेल्या सुदानी लोकांचे पासपोर्ट दूतावासांच्या कपाटात राहून गेले. अमेरिकन दूतावासाने तर निघताना संवेदनशील कागदपत्रं नष्ट करायची ठरलेली पद्धत पाळली आणि त्यात हे पासपोर्टही गेले. जे लोक सांगितल्याप्रमाणे रीतसर रांगेत उभे होते, नेमके त्यांच्याच हातात सीमा ओलांडायला पासपोर्ट उरला नाही.

आता तिकिटाकडे वळू. बोटीत बसणाऱ्याला तिकिटाचे पैसे परवडत नाहीत असा आपला समज असतो. २०१५ मध्ये तुर्कस्तानातल्या बोद्रुमहून ग्रीसच्या कोस बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचं तिकीट काही युरोंत मिळायचं. सगळ्यांत अरुंद ठिकाणी हे अंतर चार-पाच किलोमीटर आहे. युरोपचे पर्यटक सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. त्याच पाण्यावर, त्याच काळात, रबरी बोटीतल्या एका जागेसाठी दलाल हजार डॉलरच्या आसपास घेत होते. इझमीर शहराच्या बासमाने भागातल्या दुकानांत लाइफ जॅकेटं उघड्यावर टांगलेली असायची, आणि त्यातली कित्येक नकली होती. आत भरलेला फोम तरंगण्याऐवजी पाणी शोषून घ्यायचा. सुरक्षित प्रवास स्वस्त होता. माणसं महागडा आणि जीवघेणा प्रवास विकत घेत होती, कारण स्वस्त प्रवासाचं तिकीट त्यांना कुणी विकत नव्हतं.

का नव्हतं, याचं उत्तर कायद्यात आहे. योग्य कागद नसलेला प्रवासी आणणाऱ्या विमान किंवा जहाज कंपनीला दंड करायचा, असं युरोपीय देशांनी ठरवून ठेवलंय. २००१ मध्ये युरोपीय संघाने त्यासाठी वेगळा निर्देश काढला. एकेका प्रवाशामागे हजारो युरो दंड, वर त्याला परत नेण्याचा खर्चही कंपनीच्याच माथी. निर्वासितांच्या हक्कांना यामुळे बाधा येत नाही, असं त्याच निर्देशात लिहिलेलंही आहे! पण चेक-इनच्या काउंटरवर बसलेल्या मुलीने पाच मिनिटांत ठरवायचं का, की समोरचा खरा निर्वासित आहे की नाही? ती व्हिसा बघते. व्हिसा नसला तर बोर्डिंग पास देत नाही. सीमेवरच्या अधिकाऱ्याला आश्रयाचा अर्ज ऐकून घ्यावाच लागतो, काउंटरवरच्या मुलीला नाही. म्हणून सीमाच उचलून काउंटरवर आणली गेली. हे मला फार हुशारीचं आणि फार निर्दय वाटतं.

आणि दलाल? सगळी सरकारं दलालांच्या नावाने बोटं मोडतात. त्या लोकांबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. बहुतेकदा ते स्वतः बोटीत पाऊलही ठेवत नाहीत. एखाद्या प्रवाशालाच इंजिन कसं चालवायचं ते दाखवतात आणि किनाऱ्यावरून निघून जातात. पलीकडे पोहोचल्यावर तो प्रवासी मानवी तस्कर म्हणून पकडला जातो. ग्रीसच्या न्यायालयांनी अशा माणसांना कित्येक दशकांच्या शिक्षा सुनावल्या आहेत. पण या धंद्याला गिऱ्हाईक कुणी मिळवून दिलं, हा प्रश्न राहतोच.

रीतसर दार ठोठावून बघितलेलं एक कुटुंब होतं. सीरियातल्या अलेप्पोचं, आई-वडील आणि तीन लहान मुलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते अलेप्पोहून बैरुतला गेले आणि तिथल्या बेल्जियन दूतावासात मानवतावादी व्हिसासाठी अर्ज दिला. आम्हाला बेल्जियमला जाऊन आश्रय मागायचाय, असं त्यांनी सरळ सांगितलं. काही लपवलं नाही. अर्ज देऊन ते परत अलेप्पोला गेले. बेल्जियमने नकार दिला आणि प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत पोहोचलं. निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणाऱ्या, न्यायालयाच्याच महाधिवक्त्यांचं मत होतं की व्हिसा द्यायला हवा. ७ मार्च २०१७ ला निकाल आला: असा व्हिसा देणं युरोपीय कायद्याने बंधनकारक नाही, ज्या त्या देशाने आपलं ठरवावं. निकाल कायद्याच्या चौकटीत बरोबर असेलही, त्या वादात मी पडत नाही. पण या निकालानंतर "रीतसर यावं" हे वाक्य निदान युरोपच्या बाबतीत तरी कुणी कुठल्या तोंडाने म्हणावं?

गंमत म्हणजे, माणसं बिनकागदाची येतील हे निर्वासितांचा कायदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम ३१ सांगतं की धोक्याच्या जागेवरून थेट आलेला माणूस लगेच हजर झाला आणि त्याने योग्य कारण दिलं, तर बेकायदा प्रवेशासाठी त्याला शिक्षा करू नये. करार लिहिणाऱ्यांना तेरा वर्षांपूर्वीचं आठवत होतं. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडशी बोलणी झाल्यावर जर्मनीने ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' अक्षराचा शिक्का मारायला सुरुवात केली, म्हणजे सीमेवर ओळखून परत पाठवणं सोपं. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालन प्रांताचा पोलीस प्रमुख पाउल ग्रूनिंगर याने शेकडो ज्यूंना आत घेतलं आणि ते सीमा बंद होण्याआधीच आले होते असं दाखवायला कागदांवर मागच्या तारखा टाकल्या. १९३९ मध्ये त्याची नोकरी गेली, पुढच्या वर्षी शिक्षा झाली. त्याच्यावरचा ठपका न्यायालयाने १९९५ मध्ये पुसला, तोवर त्याला जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

समजा पोहोचला कुणी. पुढे मुलाखत. १९५१ च्या व्याख्येत वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत या कारणांनी होणारा छळ आहे, 'युद्ध' नाही. आफ्रिकी देशांनी १९६९ मध्ये आपल्या करारात ही व्याख्या रुंद केली, युरोपने नंतर या व्याख्येत न बसणाऱ्यांसाठी दुय्यम संरक्षणाची सोय काढली. पण मुलाखतीत अजूनही बऱ्याचदा माणसाला सिद्ध करावं लागतं की बॉम्ब सगळ्यांवर पडत होते तरी धोका मला वेगळा होता. कुठल्या तारखेला अटक झाली, खोलीला खिडकी होती का, मागच्या वेळी तुम्ही मंगळवार म्हणालात, आज बुधवार म्हणता. मार खाल्लेल्या माणसाच्या आठवणी क्रमाने लागत नाहीत, हे मानसशास्त्र किती काळ सांगतंय. तरी तारीख चुकली की संशय. अनेक अफगाणांच्या कागदांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण खरी तारीख कुणी लिहूनच ठेवलेली नव्हती. (आणि हो, त्यांच्या हातात स्मार्टफोन असतो. बोटीत पाणी शिरलं की तटरक्षक दलाला नेमकी जागा कळवायला तेवढंच साधन असतं. त्यावरून श्रीमंती मोजणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.)

याहून वेगळं करता येतं, हे युरोपनेच दाखवून दिलंय. युक्रेनवर हल्ला झाला २४ फेब्रुवारी २०२२ ला. ४ मार्चला, म्हणजे दीड आठवड्याच्या आत, युरोपीय संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश लागू केला. तो निर्देश २००१ पासून कागदावर पडून होता, २०१५ मध्ये सीरियन येत होते तेव्हाही होता, पण वापरला गेला नव्हता. युक्रेनी माणसाला मुलाखतीत काही सिद्ध करावं लागलं नाही. राहायचा हक्क, कामाचा हक्क, मुलांना शाळा, देश निवडायची मोकळीक. चाळीस लाखांहून जास्त माणसं अशी सामावली गेली आणि युरोप बुडाला नाही. त्यांच्या बोटी कुठे उलटल्या नाहीत, कारण त्यांना बोटीत बसावंच लागलं नाही. युक्रेनींना दिलं ते योग्यच होतं. जमत नाही म्हणून बाकीच्यांना नाकारलं, असं आता म्हणता येणार नाही एवढंच.

एक गैरसमज मात्र दोन्ही बाजूंचा असतो, की सगळं जग युरोप-अमेरिकेकडे निघालंय. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून जास्त माणसं बळजबरीने विस्थापित होती आणि त्यातली बहुसंख्य स्वतःच्याच देशात. देशाबाहेर पडलेल्यांपैकी दोन तृतीयांश शेजारच्या देशात थांबतात. चाडमधल्या अद्रे गावाची मूळ वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, आणि सुदानमधून तिथे दोन लाखांहून जास्त माणसं आली. संयुक्त राष्ट्रांमार्फत तिसऱ्या देशात रीतसर पुनर्वसन होतं, तीच खरीखुरी रांग. पण वर्षाला जगातल्या एक टक्का निर्वासितांनाही तिच्यातून जागा मिळत नाही.

रांग वाढवता येते का? येते. व्हिएतनाममधून माणसं बोटींनी निघून समुद्रात मरत होती, तेव्हा १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी व्हिएतनाम सरकारशी करार करून विमानाने रीतसर बाहेर पडायची सोय केली. पुढच्या दीड-दोन दशकांत सहा लाखांहून जास्त माणसं तशी गेली. बोटी लगेच थांबल्या नाहीत, हेही खरं. त्याच सुमारास कॅनडाने दोन वर्षांत साठ हजार इंडो-चिनी (म्हणजे व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातले) निर्वासित घेतले आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांची जबाबदारी सामान्य नागरिकांच्या गटांनी, चर्चनी उचलली. इटलीत सांतएजिदिओ ही संस्था आणि प्रोटेस्टंट चर्च २०१६ पासून लेबनॉनमधून सीरियन कुटुंबांना व्हिसा काढून, विमानात बसवून रोमला आणतात. निघण्याआधीच तपासणी होते. सुरक्षेची काळजी असलेल्या माणसालाही हे आवडायला हवं, कारण कोण येतंय हे आधीच कळतं.

किती जणांना घ्यायचं यावर मतभेद असतील. घरं, शाळा, दवाखाने यांवर ताण येतो आणि तो गरीब वस्त्यांवर आधी येतो, हे नाकारणाऱ्यांशीही माझं पटत नाही. एखाद्या देशाने उघडपणे आकडा ठरवावा, संसदेत त्यावर भांडावं, मतदारांना तोंड द्यावं. सध्या आकडा ठरतो तो समुद्राच्या लाटांवर, काउंटरवरच्या दंडाच्या भीतीने आणि दलालाच्या दराने. जो तरुण आहे, पोहू शकतो, ज्याच्या घरच्यांनी जमीन विकून पैसे उभे केले, तो पोहोचतो. त्याची आजी, विधवा बहीण, पाय गमावलेला भाऊ मागे छावणीत राहतात. आणि मग आपणच विचारतो की हे सगळे तरणेबांड पुरुषच कसे येतात.