‘आई आहे ना, मग अनाथ कसली?’

परवा रात्री मावशीचा फोन आला. “त्या मुलीचे पैसे यंदापासून बंद करावेत म्हणते. सगळी फसवणूक असते म्हणे.” मावशी गेली पाच वर्षं एका मुलीचं शैक्षणिक पालकत्व निभावते आहे, म्हणजे तिच्या शिक्षणासाठी पैसे देते. मुलीचे वडील वारले, आई मजुरी करते. मुलगी आता नववीत आहे. आणि मावशीचं मन फिरवलं कशाने, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मजकुराने. तो तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं असं: ही मुलं खरी अनाथ नसतात, बहुतेकांची आई जिवंत असते. शाळा फुकट आहे, मग पैसे कशाला? दिलेले पैसे मुलांपर्यंत पोचत नाहीत. मदतीने मुलं आळशी होतात. आणि कितीही दिलंत तरी ती शाळा पुरी करत नाहीत, हे म्हणे ‘संशोधनाने सिद्ध’ झालंय. कुठलं संशोधन, ते मात्र लिहिलेलं नाही.

पहिला मुद्दा आधी घेते, कारण मावशीला तोच लागला आणि माझ्या मते सगळ्यात घातकही तोच आहे. युनिसेफच्या व्याख्येप्रमाणे आई किंवा वडील, दोघांपैकी एकजण जरी गेला तरी अठरा वर्षांखालचं मूल अनाथ धरलं जातं. २०१५ सालच्या अंदाजानुसार जगात अशी जवळपास १४ कोटी मुलं होती. त्यांतली आईवडील दोघंही गमावलेली सुमारे दीड कोटी. म्हणजे दहांतल्या नऊ मुलांचं एक माणूस हयात आहेच! ही कुणी उघडकीला आणलेली लबाडी नव्हे, व्याख्याच तशी आहे. आणि ती तशी असायला कारण आहे. केनियातल्या वीस हजारांहून जास्त मुलांच्या पाच वर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा दोघांपैकी एकजण गेल्यावरही मुलाची शाळेतली हजेरी चांगलीच घसरलेली दिसली. आई गेली असेल तर सर्वांत जास्त. घसरण थोडीफार मृत्यूच्या आधीच सुरू झालेली होती. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की पाणी भरायला, धाकट्याला सांभाळायला कोण राहणार? शाळेत जाणारं मूलच ना?

मावशीच्या कपाटात त्या मुलीच्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती आहेत. पहिल्या वर्षीच्या प्रतीत हजेरीच्या रकान्यात पहिल्याच महिन्यात अकरा दिवस गैरहजर, आणि शेजारी बाईंनी लाल शाईने लिहिलंय, ‘गणवेश नाही’. त्या अकरा दिवसांत तिची आई जिवंतच होती.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. काही ठिकाणी अनाथालयं चालतात ती देणगीदारांसाठी. कंबोडियातल्या अनाथालयांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं तपासणीत दिसलं. पैसा संस्थेकडे जातो म्हणून मूल घरातून उचलून संस्थेत ठेवायचं, हे घडलेलं आहे आणि ते वाईटच आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? मदत घरी राहणाऱ्या मुलाला द्या, आईच्या हाताखाली वाढणाऱ्याला द्या. मजकूर लिहिणाऱ्याने याच माहितीवरून त्याच आईचं असणं मुलाविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं. संताप येतो तो याचा.

‘शाळा फुकट आहे.’ फी माफ आहे, एवढंच. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली, तरी गणवेश, वह्या यांचा खर्च घरावरच राहिला. माध्यमिकला तर फी होतीच. मूल गळतं ते बहुधा या पायरीवर.

आता ‘पुरी करतच नाहीत’. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज यांचा अभ्यास २०१३ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’मध्ये आला. भारतासह सहा देश, १०,१४४ माणसं. गरीब मुलांना असे देणगीदार पालक मिळवून देणाऱ्या कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेचं काम एखाद्या गावात सुरू झालं, तेव्हा बारा वर्षं किंवा त्याखालची मुलंच पात्र ठरायची, मोठी भावंडं वयामुळे राहून जायची. ही सगळी मोठी झाल्यावर त्यांची तुलना केली. एकाच घरातली, एकाच आईची मुलं! ज्यांना पालकत्व मिळालं, ती सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. माध्यमिक शाळा पुरी करणारे शंभरांत ४४-४५ असायचे, त्यांत आणखी १२ ते १६ जणांची भर पडली. संस्था ख्रिस्ती आहे, तिच्या कामात फीबरोबर आरोग्यतपासणी आणि शाळेनंतरची शिकवणीही होती, म्हणजे नुसत्या पैशाचं हे श्रेय नाही, हे खरं. पण ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणणाऱ्याने आधी हे खोडून दाखवावं.

आळशीपणाचं उत्तरही तिथेच आहे. हीच मुलं मोठेपणी पगारी नोकरीत जास्त संख्येने होती. शिवाय झिम्बाब्वेत ३२९ अनाथ मुलींचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींना फी, गणवेश आणि हजेरीवर लक्ष ठेवणारी शाळेतलीच एक बाई, एवढं दिलं. दोन वर्षांत, मदत न मिळालेल्या मुलींच्या तुलनेत, त्यांच्यात शाळा सोडण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांनी कमी होतं, लग्नाचं ६३ टक्क्यांनी.

पैसे पोचतात का, ही शंका रास्त आहे. मग विचारा. फीची पावती मागा, हजेरीचा उतारा मागा. देणारी संस्था बरी असेल तर आठवड्यात पाठवते. टाळाटाळ केली तर संस्था बदला. मुलीला नववीच्या मध्यात वाऱ्यावर सोडू नका.

हे सगळं मावशीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिच्या आईला विचारलं पाहिजे, दहावीचा अर्ज कधी भरायचाय ते.”