नान्याची चिप आणि पाचशेची नोट

नानाने कट्ट्यावर बूड टेकायच्या आधीच जाहीर केलं, "पाचशेची नोट पुन्हा बदलायला हवी. दर पाच वर्षांनी नवं डिझाइन काढा, खोट्या नोटावाल्यांचा धंदा बसलाच म्हणून समजा."

साठेकाकांनी चष्मा पुसत विचारलं, "या वेळी चिप घालायची का रे?"

झालं, सगळे हसत सुटले. 2016 साली दोन हजारच्या नोटेत उपग्रहाला दिसणारी चिप असल्याचं नानाने आम्हाला छातीठोक सांगितलं होतं. 2023 च्या मेमध्ये नोट मागे घेतली गेली, चिप अजून सापडायचीय.

"तो विषय संपला," नाना म्हणाला. "रंग बदला, आकार बदला."

"आकाराला हात नको, पाया पडतो!" एटीएम दुरुस्तीवाला विन्या कळवळला. "जुनी पाचशे 73 बाय 167 मिलिमीटर, नवी 66 बाय 150. एटीएमच्या आतली नोटांची कॅसेट नव्या मापाला लावा, मशिनला नवी नोट ओळखायला शिकवा, आणि ते ऑफिसात बसून होत नाही, माणूस मशिनपाशीच जावा लागतो. नोटाबंदीच्या वेळी देशभरात सुमारे दोन लाख मशिनं होती. रांगा विसरलात?"

"शिवाय नोट नवीन असते तेव्हा चोराचंच फावतं," काका म्हणाले. "लोकांच्या बोटांना सवय नसते. रंग काय, कलर झेरॉक्सही देते. बोटाला कळेल ते खरं."

"बोट कशाला?" नाना म्हणाला. "मी हिरवी पट्टी बघतो. गव्हर्नरच्या सहीजवळ असली तर खरी, गांधीजींजवळ असली तर खोटी."

"दोन्ही खऱ्या!" काका म्हणाले.

"आणि नंबरात चांदणी असली तर?"

"तीही खरी. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी बंडलात घालतात ती. काढ तुझी पाचशेची."

नानाने नाइलाजाने काढली. चार घड्या.

"तिरकी कर. तुझी ती पट्टी म्हणजे धागा, तो हिरव्याचा निळा होतो, खालचा 500 चा आकडाही. खोटीत पट्टी नुसती चकाकते. आता कडेच्या पाच तिरक्या रेघांवर नख फिरव."

खर्रर्र.

"ही इंटाग्लिओ छपाई. कोरलेल्या प्लेटच्या खाचांत शाई भरतात आणि जबरदस्त दाबाने कागद त्या खाचांत घुसवतात, म्हणून रेघ वर उठते. इंकजेटला हे जमत नाही. नोट झिजली की उठाव बसतो, तेव्हा नुसत्या नखावर जायचं नाही, वॉटरमार्क बघायचा. तो शाईने काढलेला नसतो. लगदा ओला असतानाच कागद जाड-पातळ करतात, म्हणून उजेडाकडे धरलं की गांधीजींच्या गालावरची सावली हळूहळू उतरते. खोट्यात नुसता ठसा, उजेडाशिवायही दिसणारा."

"आणि दुकानातला निळा दिवा?" मी विचारलं.

"साध्या कागदात उजळवणारं रसायन असतं, तो दिव्याखाली पांढराफटक चमकतो," विन्या म्हणाला. "नोटेचा कापसाचा कागद मंद राहतो, नंबर आणि बारीक तंतू तेवढे चमकतात. गंमत म्हणजे पँटच्या खिशात धुतली गेलेली खरी नोटही चमकते. धुण्याच्या पावडरीत तेच रसायन."

"मग प्लास्टिकच्या काढा! ऑस्ट्रेलियाने 1988 मध्येच काढली."

"आपल्याकडेही दहाच्या नोटेचा प्रयोग पाच शहरांत ठरला होता, कोचीपासून सिमल्यापर्यंत. पण प्लास्टिकची घडी नीट बसत नाही. तुझ्या चोरखिशाचं काय होणार, नान्या?"

बोलता बोलता काकांनी नोट स्वतःच्या खिशात घातली.

"अहो, माझी नोट!"

"खोटी नोट बँक परत देत नाही. शिक्का मारते, पावती देते. एका वेळी पाच किंवा जास्त निघाल्या तर पोलिसांत गुन्हा."

"पण आत्ताच खरी म्हणालात ना?"

"खरी आहे म्हणूनच ठेवली. गेल्या गणपतीची वर्गणी राहिलीय तुझी."

"काका," विन्या पेन काढत म्हणाला, "पावतीच्या नंबरात चांदणी काढू का?"